तेल इंजिनाचे, पाणी सर्वांचे

बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे ओंगण घालणारा शेतकरी आणि होडीच्या मागच्या फळीला अडकवलेल्या मोटरीत तेल ओतणारा मच्छीमार या दोघांपुढचा प्रश्न मुळात एकच आहे. घासणाऱ्या दोन वस्तूंच्या मध्ये काय घालावे, म्हणजे त्या झिजणार नाहीत? फरक पुढे पडतो. गाडीचे ओंगण आसालाच चिकटून राहते आणि थोडेफार गळले तर ते रस्त्यावर डोळ्यांना दिसते. टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरीतले तेल मात्र काम संपताच पाण्याखाली बाहेर पडते आणि कोणाच्या नजरेस येत नाही. म्हणूनच साधे खनिज तेल घ्यावे की महागडे सिंथेटिक तेल घ्यावे, हा वरवर मेकॅनिकचा वाटणारा प्रश्न आम्हांला इतिहासाचा आणि थोडासा नीतीचाही वाटतो.

शहापूर आणि मुरबाड या डोंगराळ तालुक्यांना समुद्र नाही. मग येथील वाचकांपुढे होडीच्या मोटरीचा इतिहास कशासाठी मांडायचा, असे कोणी विचारील. समुद्र नसला तरी या भागात पाणी आहे, आणि तेही साधेसुधे पाणी नाही. तानसा, मोडक सागर, भातसा, बारवी या जलाशयांतून मुंबईपासून डोंबिवलीपर्यंतची माणसे पाणी पितात. पावसाळ्यात उल्हास, काळू आणि भातसई या नद्या फुगल्या की सुटकेसाठी मोटरीच्याच होड्या धावतात. अशा पाण्यावर चालणाऱ्या यंत्रात काय ओतले जाते, हे तेथील रहिवाशांनी जाणून घेतलेच पाहिजे.

टू-स्ट्रोक इंजिनाची कुळकथा

टू-स्ट्रोक इंजिनाची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. स्कॉटलंडचे ड्युगल्ड क्लार्क यांनी १८७८ च्या सुमारास अशा इंजिनावर काम सुरू केले. पुढे इंग्लंडमधील बाथ या गावी जोसेफ डे यांनी १८९० च्या आसपास त्याला इतके साधे रूप दिले, की आजही लहान टू-स्ट्रोक इंजिने त्याच तत्त्वावर चालतात. पिस्टनच्या प्रत्येक दुसऱ्या स्ट्रोकला येथे स्फोट होतो. झडपांचा पसारा नाही, भाग मोजके, वजन थोडे आणि वजनाच्या मानाने शक्ती मोठी, असे हे यंत्र आहे.

या साधेपणाची किंमत तेलात मोजावी लागते. मोटारगाडीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तळाशी तेलाची टाकी असते. तेच तेल पुन्हा पुन्हा फिरते आणि काळे पडले की आपण ते बदलतो. डे यांच्या रचनेत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रणच क्रँककेसमधून वर सिलिंडरात जाते. त्यामुळे तेथे तेल साठवून ठेवण्याची सोय उरत नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ते वाटेत बेअरिंगांना आणि पिस्टनला ओलावा देते आणि मग पेट्रोलबरोबर जळते किंवा न जळताच बाहेर फेकले जाते. फोर-स्ट्रोक इंजिन तेल राखते आणि टू-स्ट्रोक इंजिन ते खर्च करते. या लेखातले पुढचे सारे विवेचन या एका वाक्यावर उभे आहे.

होडीला बाहेरून अडकवायची मोटर बनवण्याचे प्रयत्न अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमारास केले. ती घराघरांत पोचवली मात्र ओल इव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने. १९०६ सालच्या एका उन्हाळी दिवशी विस्कॉन्सिनमधल्या एका तलावावर भावी पत्नी बेस हिच्यासाठी आइसक्रीम आणायला तो वल्हे मारत गेला आणि परत येईपर्यंत ते वितळून गेले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा रंगवलेली असो, १९०९ साली त्याची दीड अश्वशक्तीची लोखंडी मोटर बाजारात आली हे खरे. वजन साधारण अठ्ठावीस किलो. तिच्या व्यापाराचा भार पुढे बेस यांनीच वाहिला.

त्या काळच्या मोटरींना सोळा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागे. पुढे बेअरिंगे सुधारली, तेले सुधारली आणि हे प्रमाण चोविसास एक व १९६० नंतर पन्नासास एक असे खाली आले. म्हणजे सिंथेटिक तेलाची चर्चा सुरू होण्यापूर्वीच चांगल्या यंत्राने आणि चांगल्या वंगणाने मिळून पाण्यात जाणारे तेल एक तृतीयांशाहूनही कमी केले होते.

एरंडापासून कारखान्यापर्यंत

आपल्याकडे कंटाळवाण्या लांबणीला 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हणतात. एरंडाला असा कमीपणा देणाऱ्या आपल्या भाषेला कदाचित ठाऊक नसेल, की आधुनिक वंगणाच्या इतिहासात या झाडाला मानाचे पान मिळाले आहे. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ साली लंडनमध्ये तेलाची कंपनी काढली. १९०९ साली तिने 'कॅस्ट्रॉल' या नावाचे तेल बाजारात आणले. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरूनच ते नाव आले. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांची गोल फिरणारी इंजिने एरंडेलावर चालली. तेथेही टू-स्ट्रोकसारखेच इंधनाचे मिश्रण क्रँककेसमधून जाई. खनिज तेल त्या पेट्रोलने धुऊन निघाले असते. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून ते टिकून राहिले.

जो गुण विमानात उपयोगी पडला तोच होडीच्या मोटरीत अवगुण ठरला. येथे तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच वापरायचे असते आणि एरंडेल थंडीत वेगळे होऊन तळाला बसू लागते. शिवाय उष्णतेने त्याचा डिंकासारखा चिकट थर पिस्टनच्या रिंगांवर जमतो. म्हणून सामान्य वापरातून ते मागे पडले आणि जमिनीतून काढलेल्या कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले खनिज तेल पुढे आले. ते स्वस्त होते, मुबलक होते आणि पेट्रोलशी चटकन एकजीव होत होते. 'साधे' तेल म्हणतात ते हेच.

सिंथेटिक तेलाची गोष्ट युद्धाच्या निकडीतून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला कच्चे तेल अपुरे पडू लागले. तेथील रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वंगणे घडवली. त्यांतला एक महत्त्वाचा वर्ग ईस्टर या संयुगांचा होता. युद्धानंतर जेट विमाने आली. त्यांच्या इंजिनातील अतिशय उष्णता आणि आकाशातील अतिशय थंडी दोन्ही सोसणारे वंगण हवे होते. ईस्टर तेलांनी ती गरज भागवली. १९७० च्या दशकात मोटारगाडीसाठी सिंथेटिक तेल सर्वसामान्य ग्राहकाच्या दुकानात दिसू लागले आणि हळूहळू ते टू-स्ट्रोक इंजिनांपर्यंत आले.

येथे एक मौज लक्षात घेण्याजोगी आहे. एरंडेल हेही रसायनशास्त्राच्या भाषेत एक नैसर्गिक ईस्टरच आहे. माणसाने खनिज तेलाचा मोठा वळसा घेतला आणि कारखान्यात जे उत्तम वंगण घडवले, ते गुणाने पुन्हा एरंडाच्या बीजवळच आले. त्याचा डिंक होण्याचा दोष काढून टाकला आणि धातूला धरून राहण्याचा गुण ठेवला. ज्याला आपण अगदी नवे म्हणतो त्याचे मूळ अनेकदा परसदारीच असते.

तीन परीक्षक

टू-स्ट्रोक तेलाचा इतिहास नीट पाहिला तर त्याची परीक्षा एकामागून एक तीन परीक्षकांनी घेतलेली दिसते. पहिले इंजिन, दुसरी हवा आणि तिसरे पाणी.

इंजिनाची तक्रार झिजण्याची आणि काजळीची होती. तिच्यातून तेलाच्या दोन वेगळ्या जाती निर्माण झाल्या. रिक्षा, मोपेड आणि करवतीचे यंत्र यांची इंजिने हवेने थंड होतात व फार तापतात. त्यांच्या तेलात काजळी धुऊन काढण्यासाठी धातूंचे क्षार घालतात. होडीची मोटर बाहेरच्या पाण्याने थंड होते. तिला त्या क्षारांची राख मानवत नाही, प्लगवर थर बसतो आणि इंजिन अडखळते. म्हणून अमेरिकेतील होडी-उत्पादकांच्या संघटनेने पाण्याने थंड होणाऱ्या मोटरींसाठी राखविरहित तेलाची 'टीसी-डब्ल्यू' ही खूण ठरवली. तिची सुधारलेली आवृत्ती 'टीसी-डब्ल्यू-३' १९९० च्या दशकाच्या आरंभी आली आणि आजही डब्यावर तीच पाहायची असते. खुणेचे तेल खनिज असू शकते, सिंथेटिक असू शकते किंवा दोहोंचे मिश्रण असू शकते. रिक्षाचे 'टू-टी' तेल, मग ते कितीही भारी असो, होडीच्या मोटरीत ओतणे हा मात्र निव्वळ तोटा आहे. उलट होडीचे तेल करवतीच्या यंत्रात घातले तर त्याच्या रिंगा चिकटून बसतात.

हवेची तक्रार शहरांनी केली. लुना, एम-एटी, स्कूटर आणि तीनचाकी रिक्षा यांनी आपल्या मध्यमवर्गाला व कष्टकऱ्याला पाय दिले. त्याबरोबर निळसर धूरही दिला. पंपावर सुटे तेल अंदाजाने ओतले जाई आणि 'जास्त तेल म्हणजे जास्त आयुष्य' या समजुतीने चालकही दोन थेंब अधिक मागून घेत. जपानमध्ये १९९४ साली धुराच्या प्रमाणावरून टू-स्ट्रोक तेलांच्या प्रती ठरवण्यात आल्या. आपल्याकडे १९९८ साली दिल्लीच्या हवेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने जे आदेश दिले, त्यांत सुट्या टू-टी तेलाची विक्री थांबवून मोजून मिसळलेले तेलच पुरवावे, ही अटही होती. एका चमच्या तेलाचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत पोचला, कारण धूर प्रत्येकाच्या नाकात जात होता.

पाण्याची तक्रार सर्वांत उशिरा ऐकली गेली, कारण पाण्याला आवाज नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरीत इंधनाचा साधारण वीस ते तीस टक्के भाग न जळताच बाहेर जातो, हे संशोधकांनी दाखवून दिले. युरोपात १९८० च्या दशकात आउटबोर्ड मोटरीचे तेल पाण्यात किती दिवसांत कुजून नाहीसे होते हे मोजणारी एकवीस दिवसांची चाचणी तयार झाली. तिच्यात खनिज तेलाचा बराचसा भाग तसाच उरे, तर योग्य प्रकारचे ईस्टर तेल सूक्ष्म जीव बहुतांशी खाऊन टाकत. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरचा कॉन्स्टन्स हा तलाव लाखो लोकांना पिण्याचे पाणी पुरवतो. तेथे १९९३ पासून होड्यांच्या इंजिनांवर धुराचे कडक निर्बंध आले. अमेरिकेतील टाहो तलावावर १९९९ साली कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरींना बंदीच झाली. पिण्याचे पाणी हा तेथे निर्णायक मुद्दा ठरला.

किनाऱ्यावरची आपली माणसे

भारतात या मोटरीचा इतिहास ख्रिस्ती मच्छीमारांच्या इतिहासाशी जवळून जोडलेला आहे. आपल्या उत्तन, पाचूबंदर, अर्नाळा येथील कोळी बांधवांनी स्वातंत्र्यानंतर सहकारी संस्था आणि सरकारी कर्ज यांच्या आधारे बोटींना यंत्रे बसवली. डोल जाळ्याच्या जड कामासाठी त्यांनी मुख्यत्वे बोटीच्या पोटात बसणारे डिझेल इंजिन पसंत केले. त्यात तेल मिसळण्याचा प्रश्न येत नाही.

गोव्यात आणि केरळात चित्र वेगळे होते. गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे रापणकार १९७० च्या दशकात ट्रॉलरांच्या आक्रमणाविरुद्ध उभे राहिले. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे शिक्षक त्यांच्या पाठीशी होते. कालांतराने यांतल्या अनेकांनी आपल्या पारंपरिक होड्यांनाच आउटबोर्ड मोटर लावली. केरळात तिरुवनंतपुरमच्या दक्षिणेकडील व उत्तरेकडील किनारपट्टीवर लॅटिन विधीच्या कॅथलिकांची मोठी वस्ती आहे. तेथे बहुतेक ठिकाणी बंदर नव्हते; लाटांतून होडी वाळूवर ओढावी लागे. खांद्यावर टाकून घरी नेता येणारी हलकी मोटर त्या किनाऱ्याला मानवली. १९८० नंतरच्या दहा वर्षांत तेथील पारंपरिक मासेमारीचे रूप या जपानी मोटरींनी पालटून टाकले. मोटर पेट्रोलवर सुरू करायची आणि मग सवलतीच्या रॉकेलवर चालवायची, अशी रीत पडली. रॉकेलात वंगणतेल मिसळणे आलेच.

वल्ह्याचे श्रम गेले, पल्ला वाढला, पण त्याबरोबर रॉकेल, तेल आणि सुटे भाग यांचा रोजचा खर्च मच्छीमाराच्या गळ्यात पडला. पूर्वी वारा फुकट होता. आता मासे मिळोत न मिळोत, तेल विकत घ्यावेच लागे. अशा घरात 'चांगले तेल घ्या' हा उपदेश करणाऱ्याने आधी त्या घराचा हिशेब वाचला पाहिजे.

याच समाजातून पाण्याच्या रक्षणाची हाकही उठली. रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरू फादर टॉमस कोचेरी हे ज्या राष्ट्रीय मच्छीमार संघटनेचे नेते होते, तिने १९८९ साली दोन्ही किनाऱ्यांवरून कन्याकुमारीपर्यंत यात्रा काढली. पाणी राखा, जीवन राखा, असा तिचा संदेश होता. त्याच काळात वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईच्या चळवळीतून भूगर्भातल्या पाण्यासाठी झगडत होते. मोटर वापरणारे आणि पाणी राखणारे हे दोन वेगळे पक्ष नव्हते. ती एकच माणसे होती, आणि पोट व पाणी यांच्यातला ताण त्यांनी स्वतःच्या घरात सोसला.

ख्रिस्तसभा आणि तेलाची निवड

तेल कोणते घ्यावे, हा प्रश्न ख्रिस्तसभेलाही पडला होता, हे येथे सांगितले तर विषयांतर होऊ नये. रुग्णाभ्यंगाच्या संस्कारासाठी शतकानुशतके ऑलिव्हचे तेलच विहित होते. ज्या देशांत ऑलिव्ह पिकत नाही वा मिळणे दुष्कर आहे, तेथील बिशपांनी ही अडचण मांडली. पोप सहावे पॉल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ च्या आपल्या घटनापत्राने तेथे दुसरे तेल वापरण्यास मुभा दिली. अट एकच घातली, की ते वनस्पतीपासून काढलेले असावे. हेतू कायम राखून साधन बदलता येते, आणि साधन बदलताना त्याचे मूळ व त्याचा परिणाम विसरायचा नाही, असा विवेक त्या निर्णयात आम्हांला दिसतो.

आणखी एक रीत मननीय आहे. दरवर्षी पवित्र सप्ताहात बिशप तेलांना आशीर्वाद देतात आणि नवी तेले धर्मग्रामात येतात. तेव्हा जुने उरलेले तेल मोरीत वा ओढ्यात ओतून दिले जात नाही. ते आदराने जाळले जाते. अर्थात ते पवित्र तेल आहे आणि इंजिनातले तेल पवित्र नाही. पण ज्या पाण्याने आपला बाप्तिस्मा झाला ते पाणी कुठल्या ना कुठल्या नदीचेच होते. वापरून झालेल्या वस्तूचे पुढे काय होते याचा विचार करण्याची सवय वेदीजवळ लागली, तर ती नदीकाठीही उपयोगी पडावी.

आपल्या दोन तालुक्यांचा हिशेब

आता घराकडे वळू. तानसा धरण १८९२ साली बांधून झाले. वैतरणेवरील मोडक सागर १९५७ साली पूर्ण झाला. महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांचे नाव त्याला आहे. पुढे भातसा आले आणि आज मुंबईच्या पाण्याचा सुमारे निम्मा वाटा एकटे भातसा उचलते. मुरबाडच्या बाजूला बारवी धरणाने १९७० च्या दशकापासून औद्योगिक वसाहतींची आणि कल्याण पट्ट्यातील शहरांची तहान भागवली. या जलाशयांसाठी गावे उठली, शेते बुडाली, आणि तरीही शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या भिंतीच्या सावलीत तहान असावी, ही या भागाची जुनी व्यथा आहे.

राज्यातील अनेक जलाशयांवर मासे धरणारे भूमिपुत्र अजूनही लहान डोंगी, हवा भरलेली ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा वापरतात. त्यांच्या वल्ह्याला तेल लागत नाही. पण मोटर या पाण्याला अगदीच परकी राहिलेली नाही आणि राहणारही नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली. तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक गावकरी यांनी मिळून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका केली. त्या दिवशी पाण्यावर ज्या रबरी होड्या धावल्या त्यांच्या मोटरींचे उपकार कोण विसरेल? रायत्याचा पूल पाण्याखाली गेला की कल्याण-मुरबाडचा सरळ रस्ता तुटतो, हे येथील लोकांना सांगायला नको. उद्या एखाद्या ग्रामपंचायतीने वा मच्छीमार संस्थेने मोटर घ्यायचे ठरवले तर ते योग्यच होईल. प्रश्न उरतो तो तिच्यात काय ओतायचे याचा.

साधा हिशेब मांडू. पन्नासास एक या प्रमाणाने शंभर लिटर पेट्रोलमागे दोन लिटर तेल लागते. जुन्या मोटरीतून त्याचा चौथा हिस्सा न जळता बाहेर गेला, तर पंचवीस लिटर पेट्रोल आणि अर्धा लिटर तेल पाण्याच्या वाट्याला येते. पेट्रोलचा मोठा भाग उन्हावाऱ्याने उडून जातो. तेल जड असल्याने मागे राहते, काठाच्या गाळात व पाणवनस्पतींवर बसते. खनिज तेल तेथे दीर्घकाळ टिकते आणि कुजणारे ईस्टर तेल तुलनेने लवकर नाहीसे होते. म्हणजे पिण्याच्या पाण्यावर चालणाऱ्या मोटरीसाठी कौल कोणाकडे जातो हे उघड आहे.

परंतु येथे दोन सावधगिऱ्या सांगितल्याच पाहिजेत. पहिली अशी, की 'सिंथेटिक' हा शब्द म्हणजे शुद्धतेचा दाखला नव्हे. काही सिंथेटिक तेले धूर कमी करतात, इंजिन स्वच्छ ठेवतात, पण पाण्यात खनिज तेलाइतकीच हट्टाने टिकून राहतात. डब्यावर पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीची खूण आहे का आणि तेल पाण्यात कुजणारे आहे असे स्पष्ट लिहिले आहे का, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. दुसरी अशी, की उत्तम तेलानेही न जळलेले पेट्रोल थांबत नाही. नवी मोटर घ्यायचीच असेल तर फोर-स्ट्रोक किंवा विजेची मोटर पाण्याला अधिक मानवेल. ज्यांच्याजवळ जुनी टू-स्ट्रोक आहे आणि ती टाकून देणे परवडत नाही, त्यांच्यासाठी तेलाची निवड हाच हाती असलेला उपाय आहे.

त्याबरोबर काही साध्या शिस्ती पाळल्या तर पैसा न लागताही बरेच साधेल. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाण मोजमापाने पाळावे. भीतीपोटी तेल वाढवू नये आणि महाग आहे म्हणून कमीही करू नये. सिंथेटिक तेल कमी घातले तरी चालते ही समजूत इंजिनाच्या मुळावर येते. इंधन काठावर भरावे, होडीत बसून पाण्यावर ओतू नये. पुराच्या कामासाठी ठेवलेली मोटर वर्षातले दहा महिने निजून असते. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ओलावा शोषला जातो. म्हणून मिश्रण टाकीत साठवून न ठेवता काम संपताच काढून घ्यावे आणि पावसाळ्यापूर्वी ताजे भरून मोटर चालवून पाहावी. ऐन पुरात न सुरू होणारी मोटर कोणत्याही तेलाने वाचत नाही.

शेवटचा मुद्दा पैशाचा. पाण्यात कुजणारे तेल साध्या तेलाहून बरेच महाग पडते. तो जादा भार कोणी सोसायचा? मुंबईकराच्या नळाला येणारे पाणी भांडुप आणि पांजरापूर येथील केंद्रांत शुद्ध होऊन जाते. जलाशयाच्या काठच्या पाड्यातली बाई जे पाणी भरते, त्याचे शुद्धीकरण केंद्र म्हणजे तिच्या हंड्यावरचे फडके. तेलाचा तवंग आधी तिच्या हंड्यात येणार आहे. ज्याने जमीन दिली, जो टँकरची वाट पाहतो, त्यालाच पुन्हा शुद्ध तेलाचा खर्चही सांगणे न्यायाचे होणार नाही. किनाऱ्यावर इंजिन चालावे म्हणून सरकारने रॉकेलाला सवलत दिली. पिण्याच्या जलाशयावर पाणी स्वच्छ राहावे म्हणून चांगल्या तेलाला सवलत द्यावी, ही मागणी त्याहून अवाजवी नाही. पाणी पिणाऱ्या शहरांनी आपल्या पाणीपट्टीतून हा वाटा उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात शुद्ध पिण्याचे पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे असे बजावले. तो हक्क शहराच्या नळापाशी सुरू होत नाही. तो डोंगरातल्या झऱ्यापाशी सुरू होतो.

शंभर वर्षांहून अधिक काळ टू-स्ट्रोकच्या तेलाने इंजिनाचे ऐकले, मग काही काळ हवेचे ऐकले. पाण्याचे ऐकण्याची पाळी आता आपली आहे. शहापूर-मुरबाडच्या आमच्या कुटुंबांपैकी ज्यांची मुले पुराच्या बचावकार्यात उतरतात, जे सहकारी संस्थांच्या सभांना जातात, ग्रामसभेत हात वर करतात, त्यांनी पुढच्या सभेत मोटरीच्या खरेदीचा विषय निघाला तर अश्वशक्तीबरोबर तेलाच्या डब्याचीही चौकशी करावी आणि त्याचा जादा खर्च कोण देणार हेही त्याच ठरावात लिहून घ्यावे.